आडात आहे, पोहऱ्यात नाही

वेबसाइट बनवणारी माणसं दिवसभर काहीतरी नवं उभं करत असतात, असा बाहेर समज आहे. माझ्या कामाचा मोठा भाग त्याहून फार साधा आहे. कोणीतरी कुठल्यातरी चौकटीत काहीतरी भरून ठेवलेलं असतं, ते पानावर नीट दिसेल असं करायचं. अभ्यासक्रमाचं नाव, कालावधी, शुल्क, केंद्राचा पत्ता, प्रवेश सुरू आहेत की संपले. भरलेलं आहे, डेटाबेसात शाबूत आहे, तरी पानावर दिसत नाही किंवा भलतंच दिसतं, अशी तिकिटं निस्तरण्यात माझ्या नोकरीतली बरीच वर्षं गेली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. आमच्या धंद्यात आडात भरपूर असतं, भानगड पोहऱ्याची असते.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत ड्रुपलवर काम करते. अँटवर्पला शिकत असताना ड्रीस बायटार्ट यांनी लिहिलेली आणि २००१ मध्ये सगळ्यांना खुली करून दिलेली ही प्रणाली. विद्यापीठं, सरकारी खाती, मोठ्या सामाजिक संस्था यांना ती आवडते, कारण तिच्यात माहितीचा साचा ब्राउझरमध्ये बसूनच घडवता येतो. ‘अभ्यासक्रम’ नावाचा प्रकार करा, त्याला हवी तितकी फील्डं जोडा, झालं. आधी ही सोय वेगळ्या मोड्यूलमध्ये होती, २०११ च्या जानेवारीत आलेल्या सातव्या आवृत्तीपासून ती गाभ्यात आली. प्रत्येक फील्डला दोन गोष्टी असतात. एक त्याचं लेबल, म्हणजे ‘शुल्क’ किंवा ‘कालावधी’, आणि दुसरी त्यात भरलेली व्हॅल्यू. या दोन गोष्टी पानावर छापायच्या, यात अवघड काय असावं? नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात मी हेच काम देते, आणि पहिल्या आठवड्यात त्यांनाही तसंच वाटतं.

खरी मजा यादीच्या फील्डमध्ये आहे. ड्रॉपडाउनमध्ये ठरावीक पर्याय द्यायचे असतील तर ड्रुपल ते दोन भागांत मागतं. कित्येक वर्षं त्यासाठी एक साधी चौकट असायची आणि तिच्यात एका ओळीत एक पर्याय, मधे उभी रेघ. रेघेच्या डावीकडे डेटाबेसात साठवायची खूण, उजवीकडे माणसाला दाखवायचं नाव. अलीकडच्या आवृत्त्यांत रेघ जाऊन दोन वेगळे रकाने आले, पण मामला तोच. डाव्या खुणेला आम्ही बोलताना ‘की’ म्हणतो. लिहिताना मात्र तो शब्द वाक्याचा विचका करतो, म्हणून इथे किल्ली म्हणते.

किल्ली एकदा वापरात आली की ड्रुपल ती काढू देत नाही. हा पर्याय वापरात आहे, असं लाल अक्षरांत सांगून परत पाठवतं. उजवीकडचं नाव मात्र कधीही, कितीही वेळा बदला. या एका नियमात किती शहाणपण आहे हे मला २०२३ मध्ये चांगलंच दिसलं.

राज्यभर केंद्रं असलेल्या एका प्रशिक्षण संस्थेची साइट आमच्याकडे होती. जिल्हा हे फील्ड यादीचं. किल्ल्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये, नावं मराठीत. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर वेगळा झाला तेव्हा छत्तिसावी ओळ जोडली गेली होती, त्यानंतर यादीला कोणी हात लावला नव्हता. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, सप्टेंबरात जिल्ह्यांची नावंही बदलली. संस्थेतून फोन आला तो धास्तावलेल्या आवाजात होता. तिथल्या मॅडमना वाटत होतं, आता शेकडो केंद्रांची पानं एकेक उघडून दुरुस्त करावी लागणार. उजवीकडची दोन नावं बदलली, सेव्ह केलं, कॅशे, म्हणजे तयार करून ठेवलेल्या जुन्या पानांचा साठा, साफ केला, आणि फोनवरच त्यांना म्हटलं, मॅडम, पान रिफ्रेश करा. आत किल्ली जुनीच राहिली. आजही आहे. पुढच्या वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा मॅडमनी फोनसुद्धा केला नाही, स्वतःच नाव बदललं.

त्याच सुमाराला दुसरी एक साइट माझ्यासमोर आली. तिच्यात जिल्हा हे साधं मजकुराचं फील्ड होतं. ज्याने भरलं त्याने आपल्या मर्जीने भरलेलं. कुठे ‘औरंगाबाद’, कुठे ‘औरंगाबाद जिल्हा’, कुठे ‘जि. औरंगाबाद’, एके ठिकाणी नुसतं ‘औ’बाद’. तिथे नावबदलाचं काम म्हणजे रोजंदारीच.

पण किल्लीच्या या व्यवस्थेलाही एक आडगिऱ्हाईक निघालं. केंद्रांच्या तक्त्यात जिल्ह्यानुसार क्रम लावला की ड्रुपलचं व्ह्यूज, म्हणजे याद्या बनवणारं मोड्यूल, क्रम लावतं ते साठवलेल्या किल्लीवर. त्यामुळे मराठी पानावर यादी अशी दिसायची: अहिल्यानगर, अकोला, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, बीड, भंडारा, बुलढाणा, चंद्रपूर. ‘अमरावतीनंतर छ कसा आला?’ असं मला पाच जणांनी विचारलं असेल. गंमत म्हणजे बुलढाण्यानंतर चंद्रपूर कसं आलं, हे आधीच्या इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. इंग्रजी बाराखडीने लावलेल्या मराठी याद्या वाचायची आपल्याला इतकी सवय झाली आहे. खरं तर जिल्ह्यांसारख्या गोष्टी यादीच्या फील्डमध्ये ठेवूच नयेत, त्यांची टॅक्सॉनॉमी, म्हणजे स्वतंत्र नोंदींची वर्गवारी, करावी. मग नावाचं भाषांतर, क्रम, प्रत्येक जिल्ह्याचं स्वतंत्र पान, सगळं आपोआप मिळतं. पण साइट बांधताना जी घाई असते ती असते, आणि यादी दहा मिनिटांत होते.

किल्ली आणि नाव यांतलं कुठलं कुठे वापरायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे. कोडला काही ठरवायचं असेल तर किल्ली बघावी, माणसाला काही दाखवायचं असेल तर नाव छापावं. वाचायला हे उघड वाटतं. तरी दुसऱ्याच्या हातची साइट सांभाळायला घेतली की पहिल्या दिवशी याच्या उलट काहीतरी सापडतंच. प्रवेशाची स्थिती दाखवायला पानावर इंग्रजीत ‘वेटिंग अंडरस्कोर वन’ असं छापलेलं असतं, म्हणजे किल्लीच उघड्यावर आलेली. हा प्रकार निदान दिसतो तरी. उलटा प्रकार जास्त वाईट.

एका शिक्षणसंस्थेची अशीच साइट आमच्याकडे आली होती. तिच्या टेम्पलेटमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, अट होती: स्थितीचं नाव ‘प्रवेश सुरू’ असेल तर ‘अर्ज करा’ हे बटण दाखवा. अट नावावर, किल्लीवर नाही. वर्ष-दोन वर्षं सुरळीत चाललं. मग एका जुलैमध्ये संस्थेच्या कार्यालयाने, त्यांच्या दृष्टीने अगदी बरोबर, ते नाव बदलून ‘दुसऱ्या फेरीचे प्रवेश सुरू’ असं केलं. साइटवरची झाडून सगळी बटणं गायब. पालकांचे फोन कार्यालयात, कार्यालयाचे फोन त्यांच्या त्या वेळच्या प्रोग्रॅमरकडे. त्या मुलाने घाईघाईत टेम्पलेट उघडून जुन्या मजकुराच्या जागी नवा मजकूर टाइप केला. बटणं तरी येईनात. दोन्हीकडे ‘दुसऱ्या फेरीचे प्रवेश सुरू’ असंच दिसत होतं, काना-मात्रेचा फरक नाही.

मी ती फाइल पाहिली तेव्हा दोन्ही मजकुरांची लांबी मोजली. दिसायला सारखे, मोजायला वेगळे. घोळ ‘ऱ्या’ मध्ये होता. मराठीतला हा अर्धा र, जो या लेखाच्या मथळ्यातही बसला आहे, युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साधा र, पाय मोडायची खूण आणि तिच्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्हींचा ‘ऱ्या’ तंतोतंत सारखा उमटतो. कार्यालयातला कीबोर्ड एक तऱ्हा वापरत होता, त्या मुलाचा दुसरी. तुलनेच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द होते. ‘तिसऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘वाऱ्या’, मराठी साइटवर असे शब्द पावलोपावली, आणि इंग्रजीत काम शिकलेल्या प्रोग्रॅमरला या सापळ्याची कल्पना असण्याचं कारण नाही. मी अट बदलून किल्लीवर आणली. किल्ली होती ‘ओपन’, पहिल्या दिवसापासून तीच. एका ओळीचं काम. बिलात ते एका ओळीचंच दिसलं, त्यावरून आमच्या साहेबांनी मला थोडं ऐकवलंही.

जुन्या ड्रुपलमध्ये व्हॅल्यूपर्यंत पोचायची वाटच मोठी होती. सातव्या आवृत्तीत टेम्पलेट म्हणजे उघडं पीएचपी. नोड, म्हणजे पानाची नोंद, मग बाण, मग फील्डचं नाव, मग चौकटी कंसात ‘यूएनडी’ ही तीन अक्षरं, मग शून्य, मग ‘व्हॅल्यू’. शून्य म्हणजे पहिली नोंद, कारण एका फील्डमध्ये अनेक नोंदी असू शकतात. आणि ती तीन अक्षरं म्हणजे भाषेचं संकेतचिन्ह: भाषा ठरलेली नाही. ही ओळ आमच्या पिढीने अक्षरशः हजारो वेळा लिहिली. बोटांना सवय झाली होती. एकभाषी साइटवर ती चालायची म्हणून सगळे निश्चिंत होते. मग क्लायंट म्हणायचा, आता मराठी आवृत्तीही हवी. फील्डचं भाषांतर चालू केलं की व्हॅल्यू त्या ठरलेली नसलेल्या भाषेच्या कप्प्यातून उठून ‘एमआर’ आणि ‘ईएन’ अशा कप्प्यांत जाऊन बसायच्या. टेम्पलेट मात्र जुन्याच कप्प्यात हात घालून रिकामं परत यायचं. बॅकएंडमध्ये सगळं भरलेलं दिसतंय, पान कोरं. क्लायंटला वाटायचं, डेटा उडाला. एकदा एका संस्थेचे सचिव त्याच भीतीने संध्याकाळी आमच्या ऑफिसात येऊन बसले होते. त्यांना डेटाबेसातली रांग उघडून दाखवली, तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

चालू भाषा बघून योग्य कप्पा निवडणारी फंक्शनं ड्रुपलने तेव्हाही दिलेली होती. फील्ड मागितलं की ते लेबलसकट, ठरवलेल्या रूपात हातात यायचं. पण सवयीच्या त्या एका ओळीत कच्ची व्हॅल्यू मिळत असताना ती कोण वापरतो? २०१५ च्या नोव्हेंबरात आठवी आवृत्ती आली आणि टेम्पलेटमधून पीएचपी गेलं, त्याच्या जागी ट्विग ही टेम्पलेटची भाषा आली. पुष्कळ जुनी मंडळी कुरकुरली. मला ट्विग आवडलं, कारण त्याने टेम्पलेटमध्ये बसून डेटाबेसाला प्रश्न विचारायची सोय काढून घेतली. जी फाइल फक्त दाखवण्यासाठी आहे तिने दाखवावं. भाषा निवडायचं कामही बरंचसं नोडच बघू लागला. कच्च्या व्हॅल्यूचा मोह मात्र तसाच राहिला, फक्त लिहिण्याची तऱ्हा बदलली.

या मोहाचं नुकसान कुठे होतं ते एका साध्या फील्डवर दाखवते. अभ्यासक्रमाचा कालावधी, महिन्यांत, पूर्णांक. ड्रुपलमध्ये आकड्याच्या फील्डला मागे लागणारा शब्द ठरवून देता येतो, आणि तो एकवचन-अनेकवचनासह, मधे उभी रेघ टाकून: ‘महिना’, रेघ, ‘महिने’. एक असेल तर महिना, तीन असतील तर महिने, आपोआप. टेम्पलेटमध्ये फील्ड त्याच्या नेहमीच्या वाटेने छापलं तर पानावर ‘३ महिने’ येतं. कच्ची व्हॅल्यू छापली तर नुसतं ३. मग टेम्पलेट लिहिणारा पुढे स्वतः ‘महिने’ असं टाइप करतो, आणि एका महिन्याच्या अभ्यासक्रमावर ‘१ महिने’ झळकतं. हे मी किती साइटवर पाहिलं याला गणती नाही.

लेबलचं याहून वाईट होतं. प्रत्येक फील्डसाठी मॅनेज डिस्प्लेच्या पानावर ठरवता येतं की लेबल व्हॅल्यूच्या वर हवं, शेजारी हवं, की नकोच. डिझायनरच्या चित्रात ‘शुल्क’ हा शब्द निळ्या ठशात असतो. मग कोणीतरी लेबल बंद करतो आणि तो शब्द टेम्पलेटमध्ये हाताने लिहितो. दिसायला फरक शून्य. सहा महिन्यांनी क्लायंट फील्डचं लेबल बदलून ‘शुल्क (जीएसटीसह)’ असं करतो, आणि पानावर ‘शुल्क’ तेच राहतं. फोन येतो: ‘मॅडम, आम्ही बदललंय, पण तुमची साइट ऐकत नाहीये.’ साइट ऐकणार कशी, तिला तो शब्द विचारलेलाच नाही.

लेबल पूर्ण काढून टाकण्याचा दुसरा परिणाम मला एका दुपारी कळला. त्या प्रशिक्षण संस्थेच्या नव्या साइटवर अभ्यासक्रमाच्या पानाचा माथा सुबक केला होता. घड्याळाचं चित्र आणि ३, रुपयाचं चित्र आणि ४५००, माणसांचं चित्र आणि ६०. लेबलं नाहीत, चित्रं बोलकी. संस्थेच्या दूरध्वनी कक्षात एक दृष्टिहीन मुलगा काम करतो. साइट लाइव्ह जायच्या आधी त्याने ती वापरून बघावी असं मॅडमनीच सुचवलं. त्याच्या संगणकावर एनव्हीडीए होतं. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन ऑस्ट्रेलियन दृष्टिहीन तरुणांनी उभं केलेलं हे फुकट सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं, मराठीही वाचतं, जरा यंत्रासारखं. त्याने पान उघडलं आणि स्पीकर चालू केला. अभ्यासक्रमाचं नाव वाचलं गेलं, आणि मग: तीन. चार हजार पाचशे. साठ. तो थांबला. ‘ताई, हे तीन काय आहे?’ मी सांगितलं, महिने. ‘आणि साठ?’ जागा. ‘मग ते लिहिलंय कुठे?’

लिहिलं कुठेच नव्हतं. लेबल ‘हिडन’ केलं की ड्रुपल ते पानाच्या एचटीएमएलमध्ये टाकतच नाही. त्याच्या खालीच चौथा पर्याय असतो, ‘व्हिज्युअली हिडन’. त्यात लेबल एचटीएमएलमध्ये राहतं, फक्त सीएसएसने नजरेआड होतं. बघणाऱ्याला चित्र दिसतं, ऐकणाऱ्याला ‘कालावधी’ ऐकू येतं. तीन फील्डांना तो पर्याय निवडला, चित्रांना वाचनातून वगळलं, आणि आकड्यांमागचे ‘महिने’, ‘रुपये’ परत आणले. त्याने पुन्हा ऐकलं. कालावधी, तीन महिने. शुल्क, चार हजार पाचशे रुपये. प्रवेशसंख्या, साठ. ‘हां,’ म्हणाला, आणि लगेच पुढच्या पानावर गेला. त्या पानावर त्याने आणखी सात-आठ गोष्टी काढल्या, त्यांची यादी इथे देत नाही. सरकारी साइटसाठीच्या मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आमच्या प्रस्तावांत या सगळ्याचा एक परिच्छेद कायम असतो. पण ‘ते लिहिलंय कुठे’ हा प्रश्न त्या परिच्छेदात नव्हता.

रिकाम्या फील्डची कटकट वेगळी. एखाद्या केंद्राचा दूरध्वनी भरलेला नसेल तर ‘दूरध्वनी:’ एवढंच छापून पुढे कोरी जागा सुटू नये, म्हणून टेम्पलेटमध्ये अट घालतात: फील्ड असेल तर दाखवा. ट्विगमध्ये ही अट दोन्ही बाजूंनी फसते. छापायला तयार झालेल्या फील्डला विचारलं तर ते रिकामं असूनही ‘मी आहे’ म्हणतं, कारण व्हॅल्यू नसली तरी कॅशेसंबंधीची माहिती त्याच्या पोटात असते. म्हणजे लेबल दिसणार, पुढे काही नाही. कच्च्या व्हॅल्यूला विचारलं तर बहुतेकदा बरोबर उत्तर मिळतं, अपवाद शून्याचा. ट्विगच्या लेखी शून्य म्हणजे नाही. एका संस्थेचे महिलांसाठीचे अभ्यासक्रम मोफत होते, शुल्काच्या फील्डात इमानेइतबारे ० भरलेलं. पानावर शुल्काची ओळच नाही. ‘मोफत असूनही चौकशी का येत नाही?’ असं कार्यालय विचारत होतं. आलेल्या एका बाईंनी सांगितलं, किंमत लिहिलेली नाही म्हणजे बरीच असणार, असं वाटलं. फील्डलाच ‘तू रिकामं आहेस का’ असं विचारायची पद्धत ड्रुपलमध्ये आहे, तिला शून्य आणि रिकामं यातला फरक कळतो. ती वापरली, आणि शून्य आलं तर ‘मोफत’ छापायचं असं ठरवलं.

आकड्यांवरून आठवलं. ड्रुपलचा आकडे छापणारा नेहमीचा फॉरमॅटर, स्वल्पविराम मागितला तर, तो तीन-तीन अंकांनी देतो. दीड लाखाचं शुल्क १५०,००० असं, तेही इंग्रजी अंकांत. आपल्या डोळ्यांना ते पटकन पंधरा हजार वाटतं किंवा पंधरा लाख, दीड लाख कधीच वाटत नाही. पीएचपीच्या इंटल या विस्ताराला मराठीचे नियम ठाऊक आहेत. त्याला भाषा मराठी सांगितली की १,५०,००० असं, देवनागरी अंकांसह, विनातक्रार देतं. आम्ही त्याच्यावर एक छोटा फॉरमॅटर लिहून ठेवला आहे आणि तो प्रत्येक साइटवर जातो. टेम्पलेटमध्ये अंक बदलायची कसरत करणारी मंडळीही पाहिली आहेत, शून्याच्या जागी शून्य, एकाच्या जागी एक, अशा दहा ओळी. हे काम फॉरमॅटरचं आहे. तिथे एकदा केलं की तक्त्यात, शोधाच्या निकालात, मुख्य पानावर, सगळीकडे सारखं दिसतं.

वर्डप्रेसवाल्यांची सुटका आहे असं नाही. तिथे एलियट कॉन्डन यांनी सुरू केलेलं एसीएफ, म्हणजे ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स, जवळजवळ सगळेच वापरतात, आणि त्यात यादीच्या फील्डला विचारलेलं असतं की परत काय देऊ: व्हॅल्यू, लेबल की दोन्ही. शेजारच्या टीममध्ये कोणीतरी चांगल्या हेतूने ‘दोन्ही’ निवडलं. टेम्पलेट एकाच शब्दाची अपेक्षा करत होतं. शुक्रवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत एका हॉटेलच्या साइटवर प्रत्येक खोलीचा प्रकार ‘ॲरे’ असा होता. सी व्ह्यू ॲरे, गार्डन ॲरे असं नाही, नुसतं ॲरे. बुकिंग मात्र आली, त्याचं सगळ्यांना नवल वाटलं.

कॅशेबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर एक वेगळा लेख होईल. अभ्यासक्रमाच्या पानावर शिक्षकाचं नाव हे दुसऱ्या नोंदीतून येतं. ते नेहमीच्या वाटेने छापलं तर ड्रुपल लक्षात ठेवतं की हे पान त्या शिक्षकाच्या नोंदीवर अवलंबून आहे. शिक्षकाचं नाव बदललं की पान आपोआप ताजं होतं. टेम्पलेटने थेट आत शिरून नुसतं नाव उचललं तर हा संबंध कुठेच नोंदला जात नाही, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाई जुन्याच नावाने दिसत राहतात. ‘कॅशे क्लिअर करून बघा’ हे आमच्या धंद्यातलं सर्वांत जास्त बोललं जाणारं वाक्य आहे, त्यातली निम्मी वेळ अशा उचलेगिरीमुळे येते, असा माझा अंदाज आहे.

सातव्या ड्रुपलचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. त्याआधीचं वर्ष-दीड वर्ष आमच्याकडे नुसती स्थलांतरं चालू होती. जुन्या साइटवरून नव्यावर. प्रशिक्षण संस्थेची साइटही त्यात आली. फील्डं एकेक तपासताना किल्ल्यांची यादी समोर आली आणि टीममधल्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. ‘टेम्प’, ‘न्यू टू’, ‘अदर अदर’, स्पेलिंग चुकलेलं ‘नांदेड’, आणि अर्थातच जुन्या नावाचे तीन जिल्हे. आमच्यातली सर्वांत नवी मुलगी म्हणाली, ‘ताई, आता हलवतोच आहोत तर किल्ल्याही स्वच्छ करून टाकू ना. कोण बघतंय त्यांच्याकडे?’ तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. स्थलांतराच्या वेळी किल्ल्या बदलणं सोपं असतं, जुनी-नवी जोडी लिहून दिली की झालं. संस्थेची परवानगी तेवढी घ्यायची, म्हणून बैठकीत विषय काढला.

मॅडम एकदम सावध झाल्या. ‘जिल्ह्याचे कोड बदलणार? नाही हां.’ लॅपटॉप आमच्याकडे फिरवून त्यांनी एक्सेलची फाइल उघडली. दर महिन्याला त्या साइटवरून केंद्रांची सीएसव्ही उतरवतात. त्या सीएसव्हीत जिल्ह्याच्या रकान्यात, कोणीतरी कधीतरी तसं लावून ठेवल्यामुळे, नाव न येता किल्ली येते. त्या किल्लीवर त्यांनी व्हीलुकअप लावून विभागवार बेरजा बांधल्या होत्या, आणि त्या बेरजा मुख्यालयात जायच्या. चुकलेल्या स्पेलिंगचं नांदेडही त्यांच्या तक्त्यात त्याच चुकलेल्या स्पेलिंगने बसलं होतं. ‘नावं बदलली तेव्हासुद्धा माझं हे चाललं,’ त्या म्हणाल्या, ‘कारण हे बदललं नव्हतं.’

किल्ल्या तशाच नव्या साइटवर नेल्या, नांदेडसकट. सीएसव्हीत किल्लीच्या शेजारी नावाचा एक रकाना वाढवून दिला, तोही मॅडमच्या अटीवर, अगदी शेवटी, म्हणजे त्यांच्या सूत्रांतले रकान्यांचे क्रमांक हलणार नाहीत.